मला स्वर्गात जायची घाई नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न सहसा दार लोटून घेतल्यावर येतो, आणि तोही आधी दुसरंच काहीतरी बोलून झाल्यावर. विचारणारी माणसं विश्वासात मुरलेली असतात. उपासना चुकवलेली नसते, पवित्र शास्त्राची पानं हाताळून मऊ पडलेली असतात. त्यांची तक्रार एवढीच असते की सार्वकालिक घराविषयी जे आयुष्यभर ऐकलं, गायलं, दुसऱ्यांना सांगितलं, ते आपल्या दाराशी आल्यावर आनंद काही होत नाही. जावंसं वाटत नाही. मग शंका येते, की आपला विश्वास होता तरी का?

एका मावशींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि हाच प्रश्न घेऊन आलेल्या आणखी एकदोघांचं थोडंथोडं त्यांच्यात मिसळलं आहे.

मावशी सत्तरीच्या आसपासच्या. कर्करोग पसरलेला. रोग बरा करण्यासाठीचे उपचार थांबवून आता फक्त त्रास कमी करण्यावर भर देऊ, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. कित्येक वर्षं त्यांनी शब्बाथशाळेत मुलांना शिकवलं होतं. मंडळीत कोणी प्रभूमध्ये झोपी गेलं, म्हणजे वारलं, की त्या घरी सगळ्यांत आधी पोचणाऱ्याही त्याच.

त्या म्हणाल्या, "अगं, लोक भेटायला येतात आणि सांगतात, मावशी, किती धन्य तुम्ही, आता लवकरच पित्याच्या घरी. मी मान हलवते. हसतेसुद्धा. आणि ते गेले की उशीत तोंड खुपसून रडते. मला जायचंच नाहीये. इतकी वर्षं मी काय ढोंग करत होते?"

मी लगेच वचन काढून दाखवलं नाही. त्यांना वचनं माझ्यापेक्षा जास्त पाठ होती, आणि त्यातलं प्रत्येक वचन त्या स्वतःच्याच विरुद्ध वापरत होत्या. मी विचारलं, "स्वर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? शिकवताना सांगायचात ते नको, आपसूक येतं ते सांगा."

त्या जराशा ओशाळल्या. मग म्हणाल्या, "पांढरं. सगळं पांढरं. ढग, झगे, उजेड. आणि गाणं, न संपणारं. आता माझा सूर लागत नाही. आणि खरं सांगू? पांढरा रंग मला कधी आवडलाच नाही."

आम्ही दोघी हसलो. पण त्या उत्तरात बरंच काही होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनातला स्वर्ग पवित्र शास्त्रातून कमी आणि भिंतीवरच्या चित्रांतून जास्त आलेला असतो. त्या चित्रात ना माती, ना काम, ना ओळखीचा आवाज. अशा ठिकाणाची ओढ वाटली नाही तर त्यात विश्वासाचा काय दोष?

पुढचा प्रश्न मी उलट बाजूने विचारला. "इथलं काय सोडवत नाही?" यादी मोठी निघाली. सकाळी खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी येणारं ऊन. नातवाचा अभ्यास घेताना होणारी भांडणं. नवऱ्याचं घोरणं, ज्यावर त्यांनी जन्मभर टीका केली होती. एकदा बोलायला लागल्यावर त्या थांबेचनात, आणि बोलता बोलता दुसऱ्याच गोष्टी वर आल्या. शेवटी खूप दुखेल का? माझं सगळं करता करता घरच्यांचे हाल होतील का? आणि बऱ्याच वेळाने, खाली बघत, धाकट्या बहिणीबद्दल. दोघींचं बोलणं तुटलं होतं आणि ते जुळायच्या आत बहीण गेली. "ती तिथे भेटली तर मी काय तोंड दाखवू?"

'स्वर्गाची ओढ नाही' या एका वाक्यामागे इतकं सगळं दडलेलं असतं. दुखण्याची भीती ही डॉक्टरांशी बोलायची गोष्ट आहे, तिला वचनांनी झाकू नये. कर्करोगाच्या वेदनांवर पायरीपायरीने औषध वाढवत नेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच मांडली, आणि तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फीनसारखी औषधं आहेत. मावशींना वाटत होतं की मॉर्फीन म्हणजे शेवटची घटका, आणि शिवाय व्यसन. म्हणून रात्री दुखलं तरी त्या दात दाबून पडून राहायच्या आणि याला 'वधस्तंभ उचलणं' म्हणायच्या. डॉक्टरांनी शांतपणे समजावल्यावर औषध ठरल्या वेळी घेणं सुरू झालं, झोप लागू लागली, आणि त्यांच्या 'आत्मिक' प्रश्नांतला एक चांगला मोठा वाटा आपोआप हलका झाला. मी हे मुद्दाम लिहिते आहे. रात्रभर कळा सोसणाऱ्या माणसाच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नये, आणि त्यानेही ती स्वतः घेऊ नये.

इथे उलट्या टोकाच्या माणसांविषयीही सांगायला हवं. काही जण म्हणतात, "मला आता लवकर प्रभूच्या घरी जायचंय." ऐकणारे भारावतात. मी मात्र थेट विचारते, "स्वतःला काही करून घ्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचं. प्रेषित पौलानेही बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलं आहे की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं. पण पुढच्याच ओळीत तो म्हणतो की तुमच्यासाठी देहात राहणं अधिक गरजेचं आहे, आणि मी राहणार. ही ओढ माणसाला लोकांकडे परत आणते. निराशा त्याला लोकांपासून तोडते. फरक कळायला एवढी खूण मला सहसा पुरते.

मावशींचं दुखणं आटोक्यात आल्यावर आम्ही पवित्र शास्त्र उघडलं. मी आधी हिज्कीया राजाकडे गेले. त्या मुलांना दावीद आणि दानीएल शिकवायच्या, हिज्कीया फारसा कधी शिकवला नव्हता. आपण मरणार असं यशया संदेष्ट्याने सांगितल्यावर हा देवभीरू राजा भिंतीकडे तोंड फिरवतो आणि ढसढसा रडतो. 'प्रभूची इच्छा' म्हणून मान तुकवत नाही. देव त्याला झिडकारतो का? तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, असा निरोप येतो आणि आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून मिळतात. मावशींना मी हेही सांगितलं, की ती वर्षं तुम्हाला मिळतील असं वचन मी देऊ शकत नाही. पण रडल्याबद्दल त्याला कोणी ढोंगी म्हटलं नाही, हे तिथे लिहिलेलं आहे.

मग गेथशेमाने, येशूने अटकेच्या रात्री प्रार्थना केली ती बाग. जो पित्याकडून आला होता आणि पित्याकडेच जाणार होता, ते घर ज्याला पुरतं ठाऊक होतं, तोच तिथे म्हणतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि हा प्याला टळावा अशी विनवणी करतो. मरण नको वाटणं हा अविश्वास असता तर ती प्रार्थना शुभवर्तमानात आली नसती. पौल तर मरणाला सरळ शत्रू म्हणतो, सगळ्यांत शेवटी नाहीसा होणारा शत्रू. शत्रूला मिठी मारावीशी वाटली नाही, याचा अपराधीपणा कशाला?

करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायावर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला. देहरूपी तंबू मोडला तरी स्वर्गात हातांनी न बांधलेलं, सार्वकालिक घर आहे, हे वचन मावशींनी कितीतरी अंत्यविधींत वाचलं होतं. पौल स्वतः तंबू बनवणारा, प्रेषितांच्या कृत्यांत त्याचा हा धंदा नोंदवलेला आहे. कापड किती दिवस टिकतं हे त्याला हाताने माहीत होतं. पण अंत्यविधीत बहुतेक वेळा पहिल्या वचनाशी थांबतात. चौथ्या वचनात तो म्हणतो की आम्ही कण्हतो, आणि ते वस्त्र उतरवून टाकावं म्हणून नव्हे, तर वरून आणखी एक पांघरलं जावं म्हणून, म्हणजे जे मर्त्य आहे ते जीवनात गिळून जावं. मावशींनी ते मोठ्याने वाचलं. परत वाचलं. "म्हणजे त्यालाही नुसतं मरायचं नव्हतं?" नव्हतं. त्याला जास्त जीवन हवं होतं, कमी नव्हे. आणि तुम्हाला तरी दुसरं काय हवं आहे, मावशी?

या एका वाक्याने त्यांच्या डोक्यातलं ते पांढरं चित्र हललं. मग आम्ही प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय त्या चित्राशी ताडून बघितले. गंमत अशी की तिथे माणसं वर ढगांत जाऊन बसत नाहीत. नवं आकाश येतं, नवी पृथ्वी येते, आणि नगरी स्वर्गातून खाली उतरते. देवाचा मंडप माणसांजवळ येतो. नगरीची लांबी, रुंदी आणि उंची बारा हजार स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. हे मोजमाप दाखला म्हणून घ्यायचं की शब्दशः, यावर पंडितांचे वाद आहेत, पण जागा अपुरी पडणार नाही एवढं तरी त्यातून कळतं. बारा वेशी, आणि त्या कधीच बंद होत नाहीत. राष्ट्रांचं वैभव आत आणलं जातं. नदी आहे, झाड आहे, झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. आणि बाविसाव्या अध्यायात 'त्याचे दास त्याची सेवा करतील'. इथे मावशी थबकल्या. "म्हणजे काम आहे तिथे?" जन्मभर रिकामं न बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मी त्या महिन्यात पहिल्यांदा कुतूहल पाहिलं.

देहाचंही तसंच. ख्रिस्ती विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं म्हणतो, आणि बाहेर पडताच आत्मा उडून गेल्याच्या गोष्टी करतो. पुनरुत्थित येशूला शिष्य हात लावून पाहू शकत होते. त्याने त्यांच्यासमोर मासा खाल्ला. हातांवरच्या खुणा तशाच होत्या. मग्दालीया मरीयेने त्याला माळी समजलं, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखलं. ज्याच्यावर आपण प्रेम केलं ते सगळं पुसून टाकणारी ही आशा नाही.

नवऱ्याचा प्रश्न मात्र अवघड होता, आणि मी तो गोड करून सांगितला नाही. पुनरुत्थानानंतर लोक लग्न करत नाहीत, लग्न करून देत नाहीत, असं येशूने सदूकी लोकांना सांगितलं आहे. मावशींना ते वचन माहीत होतं आणि तेच टोचत होतं. "म्हणजे एवढा संसार केला तो तिथे कोणाचाच नाही?" प्रीती कधी अंतर देत नाही, असं पौल लिहितो. आपण पुढे काय होऊ हे अजून उघड झालेलं नाही, असं योहान लिहितो. या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे ती रिकामी ठेवण्याचं धाडस समुपदेशकाला हवं. तिथे स्वतःच्या कल्पनेचं फर्निचर लावलं तर आजारी माणसाला ते कळतं. मावशी त्या उत्तराने खूश झाल्या नाहीत. पण मी फसवत नाही, एवढं त्यांना पटलं.

बहिणीचं प्रकरण त्यांनी पाळकांजवळ कबूल केलं. मग त्यांनी भाचीला पत्र लिहिलं. क्षमा मागितली, कारणं दिली नाहीत. भाचीचं उत्तर आलं, तेही लांबलचक. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

तरीही एक शंका शिल्लक होती. "हे सगळं खरं, पण माझं मन डळमळतं. डळमळणाऱ्यांना कुठली जागा?" यासाठी योहानाचा चौदावा अध्याय. 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत', हे आपण वेगळं काढून वाचतो. पण अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. ती क्षणभर विसरून तेराव्याच्या शेवटून सलग वाचा. येशू पेत्राला सांगतो की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. आणि लगेच, मध्ये कोणी काही न बोलता, तुमचं अंतःकरण अस्वस्थ होऊ नये, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. ज्यांना ते घर सांगितलं त्यांतला एक काही तासांत शपथ घेऊन नाकारणार होता, दुसरा, थोमा, त्याच क्षणी म्हणत होता की तुम्ही कुठे जाता हेच आम्हाला ठाऊक नाही, आणि बाकीचे रात्र संपायच्या आत पळणार होते. जागा तयार करण्याचं काम त्यांच्या भावनांवर सोपवलेलंच नव्हतं. शिवाय तो नुसता पत्ता देत नाही. मी परत येऊन तुम्हाला जवळ घेईन, असं म्हणतो. वधस्तंभावरच्या चोराकडेही ओढ, अभ्यास, सेवा यांतलं काही नव्हतं. त्याने फक्त आठवण ठेवा म्हटलं, आणि 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' यातला 'आज' हा शब्द ऐकला.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाविषयी मंडळ्यामंडळ्यांत शिकवण वेगळी आहे. कॅथलिक परंपरा शुद्धिस्थानाविषयी, म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेविषयी बोलते. १५६३ च्या प्रॉटेस्टंट हायडलबर्ग प्रश्नोत्तरावलीत आत्मा तत्काळ ख्रिस्ताजवळ घेतला जातो असं उत्तर आहे. मावशी यांपैकी दुसऱ्या परंपरेतल्या होत्या, त्यामुळे यात आम्ही फार अडकलो नाही. तुमच्या मनात हा प्रश्न असेल तर आपल्या पाळकांना किंवा फादरना विचारा, संकोच करू नका.

पुढे काय झालं? जायची इच्छा झाली का? नाही. मावशी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की अजून थोडं राहायला आवडेल. फक्त त्यांनी मान हलवणं सोडलं. कोणी 'धन्य तुम्ही' म्हटलं की त्या म्हणायच्या, "धन्य आहेच, पण जायचं नाहीये मला अजून. कोणाकडे जातेय ते माहीत आहे, म्हणून भीती थोडी कमी." काही पाहुण्यांना हे आवडलं नाही. मंडळीतले एक वृद्ध गृहस्थ मात्र हे ऐकून खुर्ची पुढे ओढून तासभर बसले, आणि स्वतःच्या मनातलं बोलले.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. आजारी माणूस रडायला लागला की 'असं बोलू नये, तुम्ही विश्वासातल्या' म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. मावशींचे यजमान हेच करत होते, आणि त्यांच्या मनात पत्नीपेक्षा स्वतःच्या अश्रूंची धास्ती जास्त होती. त्यांना मी येशूचा मेलेला मित्र लाजर याच्या कबरेची आठवण दिली. काही क्षणांत त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही 'येशू रडला'. आणि धर्मसुधारक मार्टिन लूथरचीही. १५४२ मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना गेली. ती ख्रिस्ताजवळ आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, तरी त्याने मित्राला कळवलं की आम्ही दोघांनी खरं तर उपकारच मानायला हवेत, पण रडल्याशिवाय ते जमत नाही. यजमान काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी दोघं एकत्र रडले, असं मावशींनी मला नंतर सांगितलं, आणि त्यात तक्रार नव्हती.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. 'आजी झोपली' किंवा 'देवाला आवडली म्हणून नेलं' असं सांगू नका. सहासात वर्षांखालची मुलं शब्द जसेच्या तसे घेतात. मग ती झोपायला घाबरतात, किंवा देवाला आवडू नये म्हणून प्रार्थनाच सोडतात. आजीचं शरीर खूप आजारी आहे, ते बंद पडेल, मग तिला दुखणार नाही, ती येशूजवळ असेल, आणि आपल्याला तिची खूप आठवण येईल, इतकं सरळ सांगितलं तर पुरतं. मावशींनी नातवाला हे स्वतःच सांगितलं, अभ्यासाच्या वहीवर नगरीच्या बारा वेशी काढून. त्याने विचारलं की वेशी कधीच बंद होत नाहीत तर मग त्या बांधल्याच कशाला. मावशींना उत्तर सुचलं नाही. त्याने तो प्रश्न वहीत लिहून घेतला आणि रविवारी पाळकांना गाठलं.